'आय हॅव हॅड इट' मलय भाषेत कसं म्हणायचं?

एका महामारी-थकवा प्रश्नावलीच्या भाषांतराचं प्रकरण. गट, रुग्णालयं आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढले आहेत. किती जणांना विचारलं आणि कुणाला किती गुण आले हेही त्याच कारणासाठी गाळलं आहे.

पार्श्वभूमी

मलेशियात कोरोनाचे पहिले रुग्ण 25 जानेवारी 2020ला सापडले आणि 18 मार्चपासून हालचालींवर निर्बंध आले. तिकडे त्याला सगळे 'पीकेपी' म्हणत. पुढे निर्बंध सैल झाले, पुन्हा आवळले, दर वेळी आद्याक्षरं बदलली. 1 जून 2021ला देशभर पुन्हा कडक टाळेबंदी लागली. महिनाअखेरीला हातावर पोट असलेली माणसं घरावर पांढरं फडकं बांधून मदत मागू लागली. 26 जुलैला सरकारी रुग्णालयांतले कंत्राटी डॉक्टर काम थांबवून बाहेर आले. त्या आंदोलनाचं नाव होतं 'हर्ताल'. आपला हरताळच तो, भारतातून तिकडे गेलेला.

याच दिवसांत सरकारी रुग्णालयांतल्या एका गटाला आपल्या लोकांचा थकवा मोजायचा होता. एक रुग्णालय द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर, दुसरं समुद्रापलीकडे, बोर्निओ बेटावरच्या सबाह राज्यात. डॉक्टरांना इंग्रजी प्रश्नावली चालली असती. पण परिचारिका, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, आणि ज्यांना तिथे नुसतं 'पीपीके' म्हणतात ते वॉर्डातले मदतनीस यांच्यासाठी मलयच हवी होती. मी तेव्हा क्वालालंपूरजवळ राहत होते आणि मोजमापाच्या बाजूने या गटात होते. माझी मलय बाजारहाट आणि बैठकीपुरती. आपल्याला ती भाषा वाटते त्यापेक्षा जवळची आहे आणि तेवढीच फसवी. 'बाहासा' म्हणजे भाषा, 'जीवा' म्हणजे जीव, 'करजा' म्हणजे काम, मूळ शब्द कार्य. हे कळलं की वाटतं, आता सगळं कळेल.

'बर्नआउट'साठी, म्हणजे सततच्या ताणाने माणूस पुरता थकून जातो त्यासाठी, तिथला प्रमाण शब्द आहे 'लेसू उपाया'. मला वाटलं, उपाय थकले, काय सुंदर शब्द आहे! पण मलयमध्ये 'उपाया' म्हणजे कुवत. आणि रोजच्या बोलण्यात हा शब्द बहुतेकांच्या कानावर पडतो तो 'ओरांग कुरांग उपाया' या जोडीत, म्हणजे अपंग व्यक्ती. सरकारी कार्डावर, पार्किंगच्या पाटीवर, सगळीकडे त्याचं लघुरूप 'ओकेयू' दिसतं. प्रश्नावलीच्या डोक्यावर ठळक अक्षरांत 'लेसू उपाया' छापलं तर वॉर्डातल्या बाईला पहिल्यांदा काय आठवेल? पहिल्याच बैठकीत हे नाव काढलं आणि 'महामारीच्या काळातल्या भावनांची प्रश्नावली' असं साधं शीर्षक दिलं. या प्रकरणातला हा सगळ्यांत सोपा निर्णय. पुढचे एवढे सोपे नव्हते.

कोणतं माप घ्यायचं

तीन पर्याय होते. मास्लाक यांची प्रश्नावली 1981 पासूनची, 22 विधानांची, जगभर चालणारी. पण तिचे हक्क राखीव आहेत आणि वापराचे पैसे पडतात. डेन्मार्कमध्ये तयार झालेली कोपनहेगन प्रश्नावली 2005 मध्ये आली. तिच्यात 19 प्रश्न आहेत. 6 स्वतःच्या थकव्याचे, 7 कामाचे, 6 ज्यांची सेवा करतो त्या माणसांच्या संदर्भातले. ती फुकट वापरता येते, आणि तिची मलय आवृत्ती तपासून 2018 मध्ये प्रसिद्धही झाली होती. तिसरी होती 2020 मध्ये तुर्कस्तानातल्या यिल्दिरिम आणि सोलमाझ या संशोधकांनी मांडलेली कोविड-19 बर्नआउट प्रश्नावली. फक्त 10 विधानं. 'कोविडचा एकूण विचार करता तुम्हाला किती वेळा असं वाटतं' अशी सुरुवात, पुढे एकेक भावना, आणि 'कधीच नाही' ते 'नेहमी' अशा पाच पायऱ्या. ही विधानं त्यांनी मलाक-पाइन्स यांच्या 2005च्या एका छोट्या प्रश्नावलीवरून घेतली होती.

माझं मत कोपनहेगनच्या बाजूने होतं आणि मी ते बैठकीत जरा जास्तच जोराने मांडलं. एक तर भाषांतराचं काम झालेलं होतं. दुसरं, जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या कामापुरती मर्यादित ठेवली आहे. आयुष्यातल्या इतर कुठल्याही थकव्याला ते नाव देऊ नये असं त्यांचं स्पष्ट म्हणणं आहे. मग 'महामारीचा बर्नआउट' ही चीज मोजायची तरी कशी? गटप्रमुख डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. परिचारिका घरी गेली तरी महामारी संपत नाही. घरी मुलांची ऑनलाइन शाळा, सासूबाईंना लागण होण्याची भीती, गावाला जायला बंदी. काम आणि घर यांच्यामधली भिंतच पडलेली असताना कामापुरतं विचारणं म्हणजे अर्धाच थकवा मोजणं. शिवाय रात्रपाळी करून आलेल्या माणसासमोर 19 प्रश्न ठेवायचे की 10?

त्यांचं ठरलं. 10 विधानांची प्रश्नावली घ्यायची, आणि तुलनेसाठी कोपनहेगनचे स्वतःच्या थकव्याचे 6 मलय प्रश्न सोबत जोडायचे. मला ही तडजोड तेव्हा आवडली नव्हती. पुढे हेच 6 प्रश्न कामाला आले.

इंडोनेशियन भाषांतर मिळवून त्यावरून हात फिरवावा, अशीही एक सूचना आली. दोन्ही भाषा बहिणी, लिपी एक, काम आठवड्यात होईल. ही सूचना पाच मिनिटांत बारगळली, कारण पूर्व किनाऱ्यावरच्या एका तंत्रज्ञाने लगेच उदाहरणं दिली. 'परचूमा' मलेशियात म्हणजे फुकट, इंडोनेशियात म्हणजे व्यर्थ. 'काकीतांगान' मलेशियात कर्मचारीवर्ग, इंडोनेशियात हाच शब्द कुणाच्या तरी हस्तकांसाठी वापरतात. कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावलीत हा शब्द हमखास येणार. मराठी माणसाला हे पटकन पटावं. मराठीत 'शिक्षा' म्हटलं की आधी दंड आठवतो, हिंदीत शिकवण.

भाषांतर आणि हिरवी खूण

पद्धत पुस्तकातली होती. बीटन आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये मांडलेली मार्गदर्शिका या क्षेत्रात सगळे वापरतात. दोन भाषांतरकारांनी वेगवेगळं मलय भाषांतर करायचं. एकाला विषय माहीत असावा, दुसऱ्याला नसावा. दोन्हींचा मेळ घालून एक मसुदा करायचा. मग मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दोघांनी तो परत इंग्रजीत आणायचा. तज्ज्ञांच्या समितीने सगळं शेजारी ठेवून तपासायचं. आणि अगदी शेवटी 30 ते 40 माणसांकडून भरून घेऊन पाहायचं.

समितीपुढे एक तक्ता होता. डावीकडे मूळ इंग्रजी, मध्ये मलय, उजवीकडे उलटं इंग्रजी. शेवटच्या रकान्यात जुळलं तर हिरवी खूण, नाही तर लाल. काही विधानांवर तासभर चर्चा झाली. दहाव्या विधानावर एकही मिनिट गेलं नाही. मूळ विधान होतं 'आय हॅव हॅड इट'. उलट्या भाषांतरात आलं 'आय हॅव हॅड इट'. अक्षर न् अक्षर तेच. हिरवी खूण.

इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ 'आता बस झालं, माझ्याच्याने होत नाही'. आपण म्हणतो 'जीव मेटाकुटीला आला', तसं काहीसं. पण ज्या भाषांतरकाराला विषय माहीत नव्हता, त्याने ते कोविडच्या प्रश्नावलीत वाचलं होतं. कोविडबद्दल कुणी 'आय हॅव हॅड इट' म्हटलं तर त्याचा सरळ अर्थ काय? मला होऊन गेला. त्याने लिहिलं 'साया सुदाह परनाह मंगालामीन्या', मी तो अनुभव घेतलेला आहे. दुसऱ्या भाषांतरकाराने बरोबर लिहिलं होतं, पण बोलीभाषेत, आणि मेळ घालताना अधिक 'प्रमाण' वाटणारं वाक्य निवडलं गेलं. मेळ घालणाऱ्यांत मीही होते. उलटं भाषांतर करणाऱ्याने प्रामाणिकपणे त्या मलय वाक्याचं इंग्रजी केलं, आणि दोन चुकांनी मिळून एक अचूक जुळणी तयार झाली.

उलटं भाषांतर शब्द परत आले की नाही एवढंच सांगतं. अर्थ वाटेत बदलून तेच शब्द घालून परत आला, तर त्याला कळायचा मार्ग नाही.

चूक सापडली ती अपघाताने

प्रश्नावली भरायला किती मिनिटं लागतात हे नैतिकता समितीच्या कागदांत लिहावं लागतं. तेवढ्यासाठी ऑगस्टच्या सुरुवातीला ओळखीच्या एका परिचारिकेला व्हिडिओ कॉलवर ती भरायला सांगितली. वॉर्डातली सगळ्यांत जुनी बाई. सगळे तिला 'काक', म्हणजे ताई म्हणतात. ती नुकतीच ड्युटी संपवून आली होती, समोर चहा होता, आणि ती प्रत्येक विधान मोठ्याने वाचत खुणा करत होती. वेळ मोजायला मी फोनवर घड्याळ लावलं होतं.

नवव्या विधानापर्यंत ठीक चाललं होतं. दहाव्याला ती थांबली, 'तिदाक परनाह', कधीच नाही, यावर खूण केली, आणि समासात पेनाने काहीतरी लिहिलं. मी कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितलं. लिहिलं होतं, 'स्वाब नेगातिफ'. स्वॅब निगेटिव्ह.

मी तिला विचारलं की काक, या वाक्याचा अर्थ तुम्ही काय घेतला. तिने सांगितलं, कोविड झाला का ते विचारताय ना, मला नाही झाला, पण 'किती वेळा' का विचारलंय ते कळलं नाही. तिच्या वॉर्डातल्या एकीला एकदा झाला होता. तिने म्हणे 'क्वचित'वर खूण करावी. हे ती हसत म्हणाली. मला हसू आलं नाही. ज्या बाईला एकदाही लागण झाली नाही पण जिचा जीव नकोसा झाला आहे, ती या विधानावर सगळ्यांत कमी गुण घेणार होती.

वळणाचा निर्णय

आता काय? लाट ऐन भरात होती. आरोग्य मंत्रालयाच्या रुग्णालयांत संशोधन करायचं तर राष्ट्रीय नोंदवहीत नोंद आणि मंत्रालयाच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते; मजकूर बदलला की दुरुस्तीचा अर्ज. म्हणजे आठवडे जाणार.

गटप्रमुखांना फक्त दहावं विधान दुरुस्त करून पुढे जायचं होतं. त्यांचं कारण पोकळ नव्हतं; लाट ओसरल्यावर विचारलं तर लोक आठवून उत्तरं देतील, आणि आठवणीतला थकवा हा थकवा नसतो. कुणीतरी म्हणालं, जसं आहे तसं गोळा करा, दहावं विधान आकडेवारीत नंतर गाळू, इतरांशी त्याचा मेळ बसणार नाहीच. मी म्हणत होते की एका हिरव्या खुणेखाली हे निघालं, तर उरलेल्या नऊ खुणांखाली काय आहे ते आपल्याला माहीत नाही. सगळी दहा विधानं उघडायची, आणि प्रत्येकाबद्दल लोकांना विचारायचं: तुमच्या शब्दांत सांगा, हे काय विचारलंय, आणि ही खूण का केलीत.

शेवटी मार्ग निघाला तो मला नको असलेल्या तडजोडीतून. कोपनहेगनचे 6 प्रश्न आधीच तपासलेले होते आणि मंजूर प्रस्तावातही होते. ते लगेच पाठवायचे, म्हणजे लाटेतला थकवा कुठेतरी नोंदला जाईल. दरम्यान 10 विधानांवर मुलाखती घ्यायच्या. गटप्रमुख डॉक्टर पुढे एकदा मला म्हणाले की माझी कोपनहेगनची हट्टाग्रही बाजू त्यांनी मान्य केली नसती, तर आम्ही दोघंही अडकलो असतो. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही ती पूर्ण मान्य केली असती तर हे सगळं कळलंच नसतं.

मुलाखतींत काय निघालं

सगळ्या विधानांची गोष्ट सांगत नाही. काही तर मिनिटात सुटली. 'अंग दुखणं, अशक्तपणा' हे काहींनी लशीनंतरचा ताप समजून भरलं होतं, तिथे 'महामारीच्या दगदगीने' असे शब्द घातले. झोपेच्या विधानात रात्रपाळीवाल्यांनी दिवसाच्या झोपेचं काय असं विचारलं. 'झोपायच्या वेळी' असं केलं. ज्यांवर खरा वेळ गेला ती चार.

पहिलं 'निराश'. मलयमध्ये 'पुतुस आसा'. 'आसा' म्हणजे आपली आशाच, 'पुतुस' म्हणजे तुटलेली. शब्दशः आशा तुटणे. माझ्या कानाला याहून अचूक काही वाटेना. पण मुलाखतींत दिसलं की अनेक मुस्लिम परिचारिका या विधानावर वाचताच 'कधीच नाही' करत, थांबतही नसत. ईश्वराच्या कृपेबद्दल आशा सोडू नये, ही शिकवण लहानपणापासून याच शब्दांत ऐकलेली असते. 'पुतुस आसा'वर खूण करणं म्हणजे मन थकल्याची नव्हे, श्रद्धा ढळल्याची कबुली. त्याच बाया पुढच्या वाक्यात सांगत की हे कधी संपेल असं वाटतच नाही. म्हणजे भावना होती. शब्दाने दार बंद केलं होतं.

समितीत यावर दोन तट पडले. एक म्हणे, शब्द बदलू नका, लोक नाकारतात हीसुद्धा माहितीच आहे. दुसरा म्हणे, आपण श्रद्धा मोजायला आलेलो नाही. शेवटी 'यातून बाहेर पडायची आशा दिसत नाही' या अर्थाचं वाक्य घेतलं. 'आसा'ऐवजी 'हारापान' हा रोजचा शब्द. मूळ विधानापेक्षा हे थोडं सौम्य आहे, हे मान्य करायला हवं. मी दुसऱ्या तटात होते आणि आजही आहे, पण पहिल्या तटाचं म्हणणं मला पूर्णपणे खोडता आलेलं नाही.

याला आणखी एक कंगोरा होता. निराशेचा प्रश्न दिसला की काहींना वाटे, पुढचा प्रश्न आत्महत्येचा येणार. मलेशियात तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा होता, दंडसंहितेचं कलम 309. भारतातल्या जुन्या दंडसंहितेतही हाच क्रमांक होता, कारण दोन्ही कायद्यांचा साचा एकाच वसाहती काळातला. मलेशियाच्या संसदेने ते कलम 2023 मध्ये रद्द केलं. आम्ही विचारत होतो 2021 मध्ये. म्हणून पहिल्याच पानावर लिहिलं की यात आत्महत्येबद्दल एकही प्रश्न नाही, आणि शेवटच्या पानावर 'तालियान कासिह 15999' हा मदतीचा क्रमांक दिला.

दुसरं 'अडकल्यासारखं'. 'तरपरांगकाप'. शब्द बरोबर, भाषांतर बरोबर, जवळपास सगळ्यांच्या खुणा वरच्या पायऱ्यांवर. विचारलं तर उत्तर एकच: अडकलेच आहे ना, राज्याची सीमा बंद आहे, ईदला आईकडे जाता आलं नाही. पुरात अडकावं, लिफ्टमध्ये अडकावं, तसं हे अडकणं. मनाचं अडकणं नव्हे, नाक्यावरच्या पोलिसाने अडवणं. मग 11 ऑक्टोबर 2021ला, 90 टक्के प्रौढांचं लसीकरण झाल्यावर, लस घेतलेल्यांना राज्याबाहेर जायला परवानगी मिळाली. त्या आठवड्यानंतर ज्यांना विचारलं त्यांनी त्याच विधानावर 'क्वचित' करायला सुरुवात केली. थकवा तसाच होता. रस्ता मोकळा झाला होता. आम्ही सप्टेंबरात आणि नोव्हेंबरात गुण घेऊन तुलना केली असती तर 'थकवा घटला' असा अहवाल गेला असता. विधानात 'परिस्थितीत अडकल्यासारखं, सुटायला वाट नाही' असा विस्तार केला.

तिसरं 'माणसांबद्दल निराशा'. 'कचेवा दंगान ओरांग'. ओरांग म्हणजे माणूस; ओरांगउटान म्हणजे रानातला माणूस, त्यातलाच हा ओरांग. इथे प्रश्न असा की कोणती माणसं? कुणी रुग्णांचे नातेवाईक धरले, कुणी मास्क न लावणारे, आणि बऱ्याच जणी थांबून, आवाज खाली करून, वरिष्ठांबद्दल बोलल्या. एका भाषांतरकाराने 'ओरांग'च्या आधी 'सिकाप' म्हणजे वागणूक हा शब्द घालून वाक्य गुळगुळीत केलं होतं. त्याने निराशा माणसावरून उचलून वागणुकीवर ठेवली. तो शब्द काढला. 'ओरांग' संदिग्धच ठेवला, कारण मूळ इंग्रजीही संदिग्धच आहे. आमच्या भाषांतराने मूळ प्रश्नापेक्षा शहाणं व्हावं का, यावर माझं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असं आहे.

आणि दहावं. 'मुआक' म्हणजे वीट आला. पण तो ओकारीच्या जवळचा शब्द, आणि रुग्णाबद्दल म्हटलं तर क्रूर वाटतो. 'चुकुप' म्हणजे पुरे, फार नेमस्त. काकला विचारलं, दिवसाच्या शेवटी कपडे बदलताना तुम्ही काय म्हणता? ती म्हणाली, 'ताक ताहान दाह'. सोसवत नाही आता. ज्याचं बोलीतलं वाक्य मेळ घालताना आम्ही बाजूला टाकलं होतं, त्या दुसऱ्या भाषांतरकाराने नेमकं हेच लिहिलं होतं. शेवटी छापलं 'साया सुदाह तिदाक ताहान लागी'. काकच्या वाक्याचंच इस्त्री केलेलं रूप.

उत्तरांच्या पायऱ्यांतही एक खड्डा निघाला. 'नेहमी'साठी मसुद्यात 'सलालू' होतं. शब्दकोशात बरोबर, पण बोलताना लोक 'सलालू' बऱ्याचदा 'पुष्कळ वेळा' या अर्थाने वापरतात. आपणही 'तो नेहमी उशिरा येतो' म्हणतो तेव्हा रोज असं म्हणायचं नसतं. चौथी पायरी 'कराप', पाचवी 'सलालू', यातली वरची कोणती यावर दोन परिचारिकांत चक्क वाद झाला. 'सन्तियासा' घातल्यावर वाद मिटला.

निष्पत्ती

दुरुस्त आवृत्ती नोव्हेंबरअखेरीस पाठवली. दहाही विधानं मिळून एकच गोष्ट मोजतात हे घटक-विश्लेषण नावाच्या आकडेमोडीत दिसलं, कोपनहेगनच्या 6 प्रश्नांशीही अपेक्षित मेळ बसला. 'आशा दिसत नाही' आणि 'हतबल' ही दोन विधानं एकमेकांना गरजेपेक्षा जास्त चिकटली होती. त्यातलं एक गाळावं असा मोह झाला, पण मग इतर देशांच्या आकड्यांशी तुलना तुटली असती. ठेवली.

वाटपात मात्र घोळ झाला. पहिल्या दिवशी दुवा मेट्रनच्या व्हॉट्सॲप गटातून गेला, खाली 'कृपया सर्वांनी आज भरावे' अशी सूचना. त्या दिवशी आलेल्या अर्जांत खालच्या पायऱ्यांची रांगच लागली होती. जिच्या हातात ड्युट्यांचं वेळापत्रक आहे तिने पाठवलेल्या अर्जावर कोण लिहील की माणसांबद्दल निराशा वाटते? दुवा मागे घेतला, क्यूआर कोड छापून पँट्रीत आणि कपडे बदलायच्या खोलीत चिकटवला. पहिल्या दिवसाचे अर्ज विश्लेषणातून वगळले, आणि ते का वगळले हे अहवालात लिहिलं.

व्यवस्थापनाला एकच आकडा हवा होता: किती टक्के लोक बर्नआउट झालेत? या 10 विधानांची बेरीज 10 ते 50 मध्ये येते, पण कितीच्या वर 'झाला' म्हणायचं अशी मलय भाषकांसाठी तपासलेली रेघ नाही. गटप्रमुख इथे ठाम राहिले, आणि हा या प्रकरणातला मला सगळ्यांत आवडलेला निर्णय. टक्केवारी दिली नाही. कोणत्या विभागात कोणतं विधान उंच आहे एवढं दिलं. व्यवस्थापन नाराज झालं. एका विभागातल्या सलग रात्रपाळ्यांची चर्चा मात्र त्या तक्त्यावरूनच सुरू झाली.

1 एप्रिल 2022पासून मलेशियाने अंतर्जन्य टप्प्याकडे, म्हणजे आजार कायम राहणार असं धरून जगण्याकडे, संक्रमण सुरू केलं. त्यानंतर 'कोविडचा एकूण विचार करता' या सुरुवातीवर लोक अडखळू लागले. थकवा कोविडचा की अपुऱ्या मनुष्यबळाचा, हे त्यांचं त्यांनाही वेगळं काढता येईना. कोपनहेगनच्या बाजूने माझा हाच मुद्दा होता. आवृत्ती त्या तारखेनंतर वापरू नये अशी टीप आम्ही जोडली.

पुन्हा करायचं झालं तर

मुलाखती शेवटी ठेवणार नाही. मार्गदर्शिकेत त्या शेवटी आहेत म्हणून आम्हीही शेवटी ठेवल्या. मेळ घातलेला मसुदा तयार झाला की उलट्या भाषांतराआधीच तो तीन-चार माणसांकडून मोठ्याने वाचून घ्यायचा, तेवढ्याने दहावं विधान पहिल्याच दिवशी सापडलं असतं. आणि समितीच्या तक्त्यातून हिरवी खूण काढून टाकेन. त्या रकान्यात 'जुळलं' याऐवजी 'काय समजलं' असं लिहायला लावेन.

भाषांतरकारांत एक पीपीके हवा होता. समितीत डॉक्टर, प्राध्यापक, परिचारिका होत्या; वॉर्डात ट्रॉली ढकलणारा माणूस नव्हता, आणि त्याच्यासाठीच तर ही प्रश्नावली मलयमध्ये करायची होती. त्याच्या वेळेचे पैसे द्यायला अंदाजपत्रकात रकानाच नव्हता. मुलाखतींना तो आला तोही जेवणाच्या सुट्टीत, डबा न खाता.

सबाहचं आम्ही नीट केलं नाही. तिथल्या कित्येकांची घरची भाषा वेगळी, मलय ही बाजारातली, कामावरची. ते 'साया'ऐवजी 'सिया' म्हणतात, आणि छापील प्रमाण मलय त्यांना सरकारी पत्रासारखी वाटते. त्यांच्या सूचना सगळ्यांत नेमक्या होत्या. वेळ संपत आल्याने त्या परिशिष्टात गेल्या, विधानांत नाही.